‘आवर’ या शब्दाची नोंद

४ मार्च, मंगळवार

बाबा आज बोलले.

तेरा दिवसांनी. दवाखान्यातून घरी आणून आज चौथा दिवस. सकाळी मी टेबलावर कोशाच्या चिठ्ठ्या लावत होते, आई त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत होती, आणि ते म्हणाले, “आवर.” जीभ जड झाली आहे, तोंडाची उजवी बाजू ओघळली आहे, तरी शब्द स्वच्छ होता. आईच्या हातातून उशी पडली. मी रडले. मग रडण्याची लाज वाटली, कारण ते काय म्हणतायत हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी वेळ घालवत होते.

बाबा बावीस वर्षं इंग्रजी-मराठी कोशाचं काम करतात. गेली तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली. तिसरा खंड, एम ते आर, छपाईला निघाला आहे. सगळ्या नोंदी गेल्या, एकच बाबांनी अडवून ठेवली: इंग्रजीतला तीन अक्षरी ‘आवर’, ओ-यू-आर. झटका आला तेव्हा तीच चिठ्ठी त्यांच्यापुढे होती. पेन घसरत गेल्याची रेघ तिच्यावर आहे.

नोंद पुरी कर, असं सांगतायत. दुसरं काय असणार?

आईचं म्हणणं वेगळं. “आवर म्हणजे आवर. पंचवीस वर्षं रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी हेच ऐकलंय मी. आवर, आवर, उशीर होतोय. तेव्हा काय इंग्रजीत बोलत होते?”

आणि तिनं पटकन लघवीचं भांडं आणलं. ते लागलंही. पण तो योगायोग असू शकतो.

७ मार्च, शुक्रवार

स्पीच थेरपिस्ट बाई आल्या होत्या. हसऱ्या आहेत, चपला काढून थेट पलंगावर बसतात. मी त्यांना कोशाचं, चिठ्ठीचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“ताई, असं पुष्कळांचं होतं. सगळं जातं नि एक शब्द उरतो. एका आजोबांची शिवी उरली होती. सूनबाई चहा घेऊन आल्या की शिवी, डॉक्टर आले की शिवी. आजोबा बिचारे आभार मानत होते.”

“पण बाबांचा शब्द नेमका हाच—”

“शब्द नका धरू. सूर धरा. कुठे बघून म्हणतात, हात कुठे जातो, ते बघा. आणि त्यांच्याशी बोला. रोज, समोर बसून, काहीही. पहिले तीन महिने मोलाचे असतात. मग मेंदू आपला हट्ट सोडत नाही.”

तीन महिन्यांतले सोळा दिवस गेलेच आहेत. मी त्यांना सांगितलं, मी दिवसभर त्याच खोलीत असते. टेबल त्यांच्या पलंगापासून चार हातांवर आहे.

ठरवलं आहे की बाबा जितक्या वेळा बोलतील तितक्या चिठ्ठ्या करायच्या. कोशाची रीत तीच: शब्द, तारीख, प्रसंग, अर्थ. पुरावा साठला की अर्थ आपोआप वर येतो, हे बाबांनीच शिकवलं.

८ मार्च, शनिवार

आज पाच वेळा. चार वेळा मी टेबलाशी होते.

आई शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली, “तो पसारा आवर म्हणतायत. जवळ येऊन बस म्हणतायत.”

लिहून ठेवते. पण आईला चिठ्ठ्यांचा पसारा पहिल्यापासून डोळ्यांवर येतो, त्यामुळे तिची साक्ष निःपक्षपाती म्हणता येत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज धीर करून ती चिठ्ठी उलटी केली. इतके दिवस पाठ पाहिली नव्हती. त्यांच्या परवानगीशिवाय पाहणं बरं वाटेना.

पुढे फक्त इतकं: our: आमचा, आपला. आणि ती रेघ.

अडचण काय आहे ते इथं लिहून काढते, म्हणजे माझ्याच डोक्यात स्वच्छ होईल. इंग्रजीत एक शब्द. मराठीत दोन, आणि त्या दोघांतला एक निवडायचा तर आधी ठरवावं लागतं, समोरचा माणूस त्यात आहे की नाही. ‘आमचं घर’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. ‘आपलं घर’ म्हटलं की आत. इंग्रज माणूस हे ठरवतच नाही. सगळ्यांना अंगणात उभं करून ठेवतो.

मागच्या बाजूला बाबांचं अक्षर: “घरात आपला. दाराबाहेर आमचा. दार कुठे आहे ते इंग्रजीला ठाऊक नाही.” खाली तारीख, बारा वर्षांपूर्वीची. त्याखाली वेगळ्या शाईत: “आधी कुठला?”

तारीख मी लगेच ओळखली. मी शाळेत गेले तो पहिला दिवस.

मला लहानपणी सारखा श्वास लागायचा म्हणून बारा वर्षांची होईपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. पाठीला उशी, मांडीवर चिठ्ठ्यांचा खोका. तर पहिल्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, इतके दिवस कुणाकडे शिकलीस? मी उभी राहून सांगितलं, “आपल्या बाबांकडे.” मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हिचे बाबा आपले पण बाबा!” वर्ग फुटला. पुढं महिनाभर मुलं विचारायची, “काय गं, आपल्या बाबांनी गृहपाठ केला का?”

मी चूक केली होती, पण ती चूक कशी होते ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात माणसं तीन. कुणीही काहीही बोललं तरी ऐकणारा त्यात असायचाच. ‘आमचा’ मला चिठ्ठीवर पाठ होता. तोंडानं कधी वापरावा लागलाच नव्हता. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा हसले, मग हसायचे थांबले आणि टेबलाकडे वळून लिहायला लागले. मला वाटलं होतं ते चिडले.

म्हणजे ते बारा वर्षं माझ्या चुकीपाशी अडले आहेत. ती नोंद मीच पुरी केली पाहिजे.

१५ मार्च, शनिवार

चार दिवस व्युत्पत्ती. बाबांशी बोलायचंच आहे तर हेच बोलावं म्हणून सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

जुन्या इंग्रजीत ‘ऊरे’, म्हणजे नुसतं ‘आम्हांतलं’. जर्मनमधला ‘उन्झर’ त्याचा चुलतभाऊ. शेवटी ‘स’ लावून ‘आवर्स’ झालं ते सातशे वर्षांमागं, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लोकांनी केलं. दक्षिणेकडचे ‘आवर्न’ म्हणत. ते पुढं अडाणी ठरलं. उत्तरेकडे अजून घरातल्या मुलांच्या नावाआधी ‘आवर’ लावतात, आणि सख्ख्या भावाशी बोलतानाही लावतात. आपल्याकडे ‘आमची धाकटी’ परक्याला सांगतात, धाकटीच्या भावाला नाही. आमचा तो ‘अस्म’वरून, आपला तो ‘आत्मन्’वरून. आत्मन्! म्हणून तर आपला कुठेही घुसतो. त्यानं आपलं घर विकलं, म्हणजे स्वतःचं. आपला विश्वासू, म्हणजे तुमचा. मी आपलं विचारलं, म्हणजे कुणाचंच नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. फार दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी तशी दिसली, कामात असताना असायची तशी.

एक शंका मात्र झोपू देत नाही. तासाला इंग्रजीत ‘आवर’च म्हणतात. हा शब्द ग्रीकांचा, मूळ ‘होरा’. तोच फिरत फिरत आपल्या ज्योतिषात आला. माझा होरा चुकला, म्हणतो त्यातला. तर बाबा वेळ विचारत असतील तर? म्हणून आज भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांच्यासमोर धरलं. “बाबा, हा आवर?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आवर,” म्हणाले. खूप हळू.

आई म्हणाली, “माणसाला वेड लागायचं बाकी आहे. कुणाला आधी लागतंय बघायचं.”

१९ मार्च, बुधवार

आज विचारलंच. एका कार्डावर ‘आपला’, दुसऱ्यावर ‘आमचा’, ठळक शाईत. दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. “बाबा, आधी कुठला? नुसती मान हलवा.”

त्यांनी डाव्या हातानं दोन्ही उडवली. हात इतका जोरात चालतो हे मला माहीतच नव्हतं. थेरपिस्ट बाईंना सांगितलं पाहिजे. मग ते रडले. डॉक्टर म्हणाले होते की अशा दुखण्यात रडू उगाचही येतं, ते मनावर घेऊ नये.

दोन्ही कार्डं जमिनीवर पडली. ‘आमचा’ पालथं. ‘आपला’ उताणं.

हा पुरावा मानायचा का? दुपारभर विचार केला. उडवलेलं कार्ड म्हणजे निवड नव्हे. पण ते कार्ड त्यांच्याच हातून पडलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि ते रडले ते त्यानंतरच.

‘आपला’ आधी लिहिलं. खाडाखोड नको म्हणून तीनदा उतरवलं.

२१ मार्च, शुक्रवार

कोशाच्या मुख्य संपादकांचा फोन. कार्यालयात त्यांना सगळे ‘पूर्णविराम’ म्हणतात. ज्या वादात पडतील तो संपतो. मी नोंद वाचून दाखवली.

“अगं, ‘आपला’ आधी? वाचणारा गोंधळेल. आमचा, स्वल्पविराम, आपला. झालं.”

“बाबांनी सांगितलंय, साहेब.”

“बोलतो तो?” त्यांचा आवाज एकदम बदलला. ते आणि बाबा एकाच दिवशी कामाला लागले होते. “काय बोलतो?”

“आवर.”

“आणि?”

“तेवढंच.”

मग म्हणाले, “पोरी, आता आवरतं घे. खंड थांबणार नाही, आणि थांबला तरी काही बिघडत नाही. त्याच्यापाशी बस.”

मला त्यांचा राग आला. सगळे मला बस म्हणतात. मी बसलेलीच असते. सकाळी आठपासून बसलेली असते.

२६ मार्च, बुधवार

आज लिहायला हात चालत नाही, तरी तारीख चुकायला नको.

नोंद स्वतः नेऊन द्यावी म्हणून कार्यालयात गेले. दोन तास. परत आले तर दारात शेजारच्या काकूंच्या चपला. दुसरा झटका. लहान, डॉक्टर म्हणाले. लहान म्हणजे काय ते विचारलं नाही. दवाखान्यात नेण्यासारखं नाही म्हणाले, इथंच असू दे.

बाबा पलंगावर तसेच होते, फक्त चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवून पुसल्यासारखे.

आईनं सांगितलं, “तू निघालीस तेव्हा दाराकडे बघत होते. दोनदा-तीनदा म्हणाले, आवर, आवर. मग हे असं झालं.”

“कसं म्हणाले? चढ्या सुरात की उतरत्या?”

आई माझ्याकडे बघत राहिली. “मी काय लिहून घेत बसले होते?”

३० मार्च, रविवार

चार दिवस झाले, एकही शब्द नाही. तो सुद्धा गेला. थेरपिस्ट बाई कालच्या खेपेला हसल्या नाहीत. म्हणाल्या, प्रयत्न करू. त्यांचा सूर मी धरला. उतरता होता.

आज चिठ्ठ्या काढल्या. एकूण एकेचाळीस. प्रसंगाच्या रकान्याप्रमाणे लावल्या. एकोणतीस चिठ्ठ्यांवर माझ्याच अक्षरात ‘मी टेबलाशी’. सात चिठ्ठ्यांवर ‘मी पाठमोरी’. अर्थाच्या रकान्यात एकेचाळीस वेळा एकच अर्थ, आणि तो मी बोलणं ऐकायच्या आधीच लिहून ठेवलेला. कोशाच्या कामात कुणी असं केलं असतं तर बाबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत त्याच्या हातात दिला असता.

मग मी गठ्ठा घेऊन आईच्या यंत्राशी गेले. ती पडद्यांना काठ घालत होती.

“नऊ तारीख, दुपारी दोन. तुला काय वाटलं होतं?”

“पाणी हवं होतं.”

“अकरा, सकाळी?”

“ऊन डोळ्यांवर येत होतं. पडदा ओढला मी.”

“तेरा?”

“तेरा... तुला ठसका लागला होता. तो आवर म्हणत होते. काळजीनं.”

“आणि ह्या? ह्या एकोणतीस?”

आईनं पाय थांबवले. यंत्र थांबलं. “त्या तुझ्यासाठी होत्या.”

“मग सांगितलं का नाहीस मला?”

“सांगितलं होतं की. तू लिहून घेतलंस.”

तिला सगळं कसं कळत होतं ते विचारलं. म्हणाली, कळत कुठं होतं, दोन-तीन गोष्टी करून बघायच्या, एक लागू पडायचीच. मी म्हटलं, आता शब्दही नाही, आता कसं करायचं? तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “ह्यांनी पाणी मागितलं तेव्हा कुठं ‘पाणी’ म्हणाले होते?”

आई बाबांना ‘हे’ म्हणते. लग्नापासून. माझं, आमचं, आपलं, काहीच न लावता. तिचं एवढ्यात सगळं भागतं.

तीन महिन्यांतले एकोणचाळीस दिवस गेले. उरलेल्यांना आता अर्थ आहे की नाही हे डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही.

२ एप्रिल, बुधवार

छापलेलं पान आलं. साहेबांनी शिपायाबरोबर पाठवलं, वर काही लिहिलं नाही. पान चारशे सोळा, दुसरा रकाना: आमचा, आपला. स्वल्पविरामच टाकला आहे त्यांनी. एक ओळ. बारा वर्षं एका ओळीत मावली.

दोनदा वाचलं. चूक शोधली, सापडली नाही. ‘आपला’ आधी असता तरीही चूक सापडली नसती. बाबांना दाखवलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी टेबल रिकामं केलं. खोके, भिंग, दौती, सगळं माळ्यावर. आई खालून देत होती, मी वर लावत होते. टेबलाच्या फळीवर चहाच्या पेल्याची गोल खूण आहे, ती मी प्रथमच पाहिली.

मग खुर्ची उचलून बाबांच्या पलंगाशी नेली, उजव्या बाजूला. आई म्हणाली, “तिकडे नको, त्या डोळ्यानं ह्यांना दिसत नाही.” डावीकडे नेली. उजव्या डोळ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं, कोण जाणे.

बसले. आणि काय बोलायचं ते सुचेना.

हे मी आधी कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं, पण बाबा आणि मी कधी नुसते बोललो नाही. मध्ये कायम एखादा शब्द असायचा. लहानपणी ताप असला तरी ते विचारायचे, ‘ताप’ला इंग्रजीत दोन शब्द सांग. मी दोन सांगितले की बरी होत चालले असं समजायचे. त्यांना काय आवडतं, त्यांना कशाची भीती वाटते, ते मला माहीत नाही. ते मुलगा असताना कसे होते ते माहीत नाही. विचारायला आता उशीर झाला, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वीस मिनिटं तशीच बसले. त्यांचा डावा हात चादरीवर होता. धरावा असं वाटलं. त्यांना आवडेल की नाही हे ठरेना, म्हणून शेजारी माझा ठेवला. आई यंत्रावरून बघत होती. तिनं मदत केली नाही.

शेवटी मी आपलं सांगितलं, “बाबा, मोरीतला नळ दुरुस्त झाला. आता गळत नाही.”

ते छताकडे बघत होते.

“वायसर गेला होता,” म्हटलं. “नळवाल्यानं नवा बसवला. पितळी नाही, रबरी. तो म्हणाला रबरीच टिकतो.”

मग माझ्याजवळचं बोलणं संपलं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.